पेशींची पकड



प्रयोगशाळेत मी नेमकं काय करते, ते थोडक्यात सांगते. अंडाशयाचा कर्करोग मुख्यतः पोटाच्या पोकळीतल्या द्रवातून पसरतो. गाठीतून सुटलेल्या पेशी झुबक्यांनी तरंगतात आणि पोटाच्या आतल्या अस्तराला चिकटतात. त्यांच्यावरचं ‘म्यूक-१६’ हे प्रथिन अस्तरावरच्या ‘मेसोथेलिन’ला घट्ट धरतं. ही पकड कशी सोडवायची, हाच आमचा प्रश्न. ‘सीए-१२५’ ही रक्ततपासणी याच म्यूक-१६चा अंश मोजते. पण सुरुवातीला ती नॉर्मलही येऊ शकते.

म्हणून मैत्रिणींनो, पन्नाशी ओलांडलीय आपण. पोट सतत फुगलेलं, दोन घासांत भरल्यासारखं, वारंवार लघवी, असं दोन-तीन आठवडे चाललं तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पुढच्या मेळाव्याला सगळ्याजणी हव्यात!