रोजकीर्दीचं हरवलेलं पान

मी कवितेचा माणूस, पण पोट चालतं ते एका पतसंस्थेतल्या हिशेबावर. आज बोलणार आहे संगणकाच्या वहीबद्दल.

आमच्या अब्बांच्या किराणा दुकानात दोन वह्या असत. व्यवहार आधी रोजकीर्दीत, मग सवडीनं खतावणीत. खतावणी उंदरांनी कुरतडली तरी अब्बा निर्धास्त. रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येई. पोस्टग्रेसक्यूएल ही डेटाबेस-प्रणाली हेच करते. प्रत्येक फेरफार आधी नोंदफायलीत, मग मूळ तक्त्यात. एकेक फाइल साधारणपणे १६ मेगाबाइटची. काम सरलं की जुनी फाइल काढून टाकतात किंवा पुन्हा वापरतात. म्हणून त्याआधी तिची नक्कल दुसरीकडे ठेवायची. ही सोय २००५च्या ८.० आवृत्तीत आली.

आमच्याकडे नक्कल होत होती. पण चाचणीसाठी मुख्य यंत्राची हुबेहूब प्रत करून दुसरं यंत्र लावलं, आणि तेही त्याच फोल्डरमध्ये फायली टाकू लागलं. नावं तीच! नक्कल करणाऱ्या आज्ञेनं 'या नावाची फाइल आधीच आहे का' हे पाहिलंच नाही. चाचणीची फाइल खऱ्या फायलीवर बसली. कुणाला पत्ता नाही. पुढे एका गुरुवारी मुख्य डिस्क गेली. रविवारची पूर्ण प्रत लावून तिच्यावर नोंदफायली ओळीनं चढवल्या. मंगळवार दुपारपर्यंत हिशेब चालत आला आणि तिथंच थांबला. पुढच्या फायली शाबूत होत्या, पण मधली एक गेल्यावर त्यांचा उपयोग काय?

त्या दोन दिवसांत पैसे भरणाऱ्यांत पिग्मीचे रोज वीस रुपये देणाऱ्या भाजीवाल्या होत्या. पावत्यांवरून आम्ही रात्रभर नोंदी केल्या. एक बाई म्हणाली, "साहेब, पावती हरवली हो." एजंटाच्या पुस्तकात कार्बनखाली तिचं नाव निघालं, तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला.

माझा भाचा याच धंद्यातला. त्यानं चाचणीचं यंत्र वेगळं केलं आणि आज्ञा बदलली: त्या नावाची फाइल आधीच असेल तर हात लावू नको, काम फसलं म्हणून कळव. आणि 'झालं' म्हणायचं ते नक्कल डिस्कवर पक्की उतरल्यावरच. तसा निरोप मिळेपर्यंत पोस्टग्रेस मूळ फाइल सोडत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. अर्थात नक्कल अडून राहिली की फायली साचतात, आणि डिस्क भरली तर डेटाबेसच बंद पडतो. तरी जागेसाठी त्या हातानं पुसायच्या नाहीत. पूर्वी त्या फोल्डरच्या नावात 'लॉग' हा शब्द होता. रद्दी समजून लोक पुसत. २०१७मध्ये दहाव्या आवृत्तीत नावच बदललं. कवी म्हणून मला ही गोष्ट भारी आवडली.

आता दर महिन्याला आम्ही जुन्या यंत्रावर सगळं पुन्हा उभं करून पाहतो. मागच्या खेपेला मी त्या बाईचं खातं मुद्दाम उघडलं. वीस रुपये होते.