पंप आणि डोळे
(ज्येष्ठ सभासदांपुढे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, आयुष्य बँकेत गेलं. तिथे दोन वह्यांचा मेळ बसल्याशिवाय घरी जाता येत नसे. दमा आणि डोळे यांच्या वह्याही अशाच जुळवून बघाव्या लागतात.

दम्याच्या पंपात बहुधा ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड असतं. ते मुख्यतः फुप्फुसात काम करतं, पण थोडं रक्तात उतरतंच. मोठा डोस वर्षानुवर्षं घेतला तर मोतीबिंदूची शक्यता वाढते. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स पाहणीत १९९७ साली असा संबंध दिसला. काहींच्या डोळ्यातला दाबही वाढतो.

नेब्युलायझरचा मास्क सैल असेल तर इप्राट्रोपियमचे तुषार डोळ्यात जाऊन बाहुली मोठी होते. ज्यांच्या डोळ्याचा कोन अरुंद, त्यांचा दाब एकदम चढू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, दिव्याभोवती वलयं दिसली, तर ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

उलटंही घडतं बरं का! काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब नाकावाटे रक्तात जाऊन दम्याचा झटका आणू शकतात.

म्हणून घाबरून पंप मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्यात जिवाला धोका आहे. मास्क नीट बसवा, डोळ्यांचा दाब तपासून घ्या, आणि पंप व थेंब धरून सगळ्या औषधांची एकच यादी दोन्ही डॉक्टरांना दाखवा.