उपाहाराची पावती



जून-जुलैत प्रवेश झाले, की महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत मंडळं स्थापन होतात. वाङ्मय मंडळ, नाट्य मंडळ, विज्ञान मंडळ. अध्यक्ष व्हायला पाच जण पुढे येतात, सचिव व्हायला दोन. खजिनदार मात्र त्या दिवशी जो गैरहजर असतो, त्याला करतात. १९८९ साली मी एस. वाय. बी. ए.ला होतो, आणि त्या दिवशी गैरहजर होतो.

वाङ्मय मंडळाचं कवी संमेलन ठरलं. कार्यालयातून माझ्या नावावर ८०० रुपये तसलमात मिळाली. तसलमात हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कामासाठी आगाऊ दिलेली रक्कम. हिशेब देईपर्यंत ती घेणाऱ्याच्या नावावर बाकी दिसते. जमा, खर्च, रक्कम, हिशेब हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेले. अरबीतल्या ‘अमानत’ची तर मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाली. शब्दांची ही गंमत मला कळत होती. त्यांचा अर्थ कळायला वेळ लागला.

ते ८०० रुपये मी पँटच्या खिशात ठेवले. माझे स्वतःचे असतील ते पाच-दहा रुपयेही त्याच खिशात. हीच पहिली चूक, आणि खरं तर बाकीच्या सगळ्या चुका तिच्यातूनच निघाल्या. मांडव, लाउडस्पीकर, पाहुण्या कवींचं एस. टी.चं भाडं, शाल-श्रीफळ, हार, चहा. मधेच अम्मी आजारी पडली. औषधाला ६० रुपये लागले, ते मी त्याच खिशातून दिले. पुढच्या आठवड्यात परत टाकू, असं मनाशी म्हटलं. पुढच्या आठवड्यात संमेलन झालं, टाळ्या पडल्या, आणि हिशेबाला बसलो तेव्हा पावत्या निघाल्या ६८३ रुपयांच्या. ११७ रुपयांचा मेळ लागेना.

एका मित्राने कोरं बिल आणून दिलं. तेव्हा ते मिळत असे, आजही मिळतं. मी त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं, ‘उपाहार, रु. ११७’, आणि सरांपुढे ठेवलं. सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, “अरे, गावातल्या एकाही हॉटेलच्या पाटीवर उपाहार हा शब्द शुद्ध नाही. सगळीकडे उपहारगृह. हा चहावाला कोण? मला भेटायचंय त्याला.”

व्याकरणाने मला असं पकडलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी बिल फाडलं आणि मला गावात पिटाळलं. खऱ्या चहावाल्याकडे आणि हारवाल्याकडे जाऊन मी साध्या कागदावर ४५ रुपयांच्या सह्या आणल्या. राहिले ७२. त्यातले ६० औषधाचे, हे मी सांगून टाकलं. उरलेल्या १२ रुपयांचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. मंडळाच्या बैठकीत हे सगळं मला वाचून दाखवायला लावलं, आणि ७२ रुपये मी चार हप्त्यांत फेडले. अम्मीच्या औषधाची गोष्ट ऐकून कुणी ते माफ करतील, अशी मला आशा होती. सरांनी केले नाहीत. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माफ केले असते तर पुढचे ६०० मी सहज घेतले असते.

अब्बा केळी विकायचे. त्यांच्या बंडीला दोन खिसे होते. डावा आडत्याचा, उजवा घरचा. मोड हवी म्हणूनसुद्धा ते डाव्यातलं नाणं उजव्यात टाकत नसत. सह्याही न येणारा माणूस. मी घरी सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तुझ्या पँटीला दोन खिसे नव्हते?”

आज पैसे खिशात नसतात, मोबाइलमध्ये असतात. वर्गणी खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यावर येते, त्याच खात्यातून त्याचा रिचार्ज आणि मेसचं बिल जातं. खिसा एकच. मंडळाचं वेगळं खातं काढा, आणि ते विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा दोघांच्या सह्यांवर चालवा. एवढी सोय नसेल तर निदान रोजची नोंद रोज ठेवा. चार दिवसांनी आठवून लिहिलेला हिशेब ही कविताच असते. पैसे पाठवल्याचा मोबाइलवरचा फोटो म्हणजे बिल नव्हे. पैसे कुणाला गेले ते त्यावरून कळतं, कशासाठी गेले ते कळत नाही. मांडवासारख्या मोठ्या खर्चाला तीन ठिकाणांहून दर लेखी घ्या. रोख देत असाल आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल, तर पावतीवर १ रुपयाचं महसूल तिकीट लागतं. आणि अंदाजपत्रकात कुणी कबूल केलेली देणगी हातात येईपर्यंत धरू नका. सराफाने स्टेजवरून जाहीर केलेल्या देणग्यांवर उभे राहिलेले मांडव मी पाहिले आहेत. नंतर मांडववाला पोरांच्या दारात उभा असतो.

खर्च कशावर करावा, यावरही बोललं पाहिजे. फेब्रुवारी संपत आला, की पैसे परत जातील या भीतीने फायली आणि फ्लेक्स घेतले जातात. त्याऐवजी एखादं हस्तलिखित बांधून घ्या, ते ग्रंथालयात राहतं. कवींना शाल देता, द्या. पण आधी त्यांचं भाडं विचारा. माझ्या घरी शाली पुष्कळ आहेत.

मागच्या हिवाळ्यात एका कॉलेजात कविता वाचायला गेलो होतो. कार्यक्रम संपला आणि खजिनदार मुलगी व्हाउचर घेऊन आली. एस. टी.चं तिकीट मागू लागली. मी ते कुठे टाकलं, मला आठवेना. शेजारचा मुलगा म्हणाला, “लिही गं अंदाजे.” ती म्हणाली, “अंदाजे नाही. सर, तुम्हीच लिहा, तिकीट हरवले.” मी लिहिलं, भाड्याचा आकडा घातला, सही केली. तिने कागद वाचला आणि पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

“सर, तारीख राहिली.”