बेट आवडलं, पण राहायला जायचं का?

दरवर्षी मे महिन्यात बातम्यांत एक वाक्य येतं, "मान्सून अंदमानात दाखल झाला." आपल्या माणदेशात ते वाक्य कान देऊन ऐकलं जातं. तिकडे पाऊस आला म्हणजे कधीतरी इकडेही येईल, एवढीच आपली अंदमानशी ओळख. पण आमच्या गटातल्या अकराजणींनी ते अंदमान डोळ्यांनी पाहिलं. सहा वर्षं बचतीबरोबर थोडे थोडे पैसे वेगळे ठेवले आणि एका जानेवारीत विमानात बसलो. आज त्या सहलीबद्दल थोडं आणि त्यानंतर जे झालं त्याबद्दल जास्त बोलणार आहोत.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल पाहिलं. सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहिल्यावर कुणाला बोलवेना. तिथून बोटीनं हॅवलॉक बेटावर गेलो. २०१८ सालापासून त्याचं सरकारी नाव स्वराज द्वीप. तिथला राधानगरचा किनारा, पांढरी वाळू, मागं उंचच उंच झाडं. आमच्यातल्या साठीच्या मावशी नऊवारी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि हाका मारल्या तरी बाहेर येईनात. सगळ्यांच्या तोंडी एकच, "इथंच राहावं बाई!"

आम्ही ते म्हटलं आणि घरी येऊन विसरलो. एक ताई मात्र विसरल्या नाहीत. त्यांचा मुलगा हॅवलॉकला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. दाजी एसटीतून निवृत्त झालेले. मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघं इकडेच या. रान विका, आपण मराठी पर्यटकांसाठी खानावळ काढू." दाजींनी लगेच होकार दिला, गिऱ्हाईकही बघितलं. पण दोन एकर रानाच्या सातबाऱ्यावर ताईंचंही नाव आहे. लक्ष्मीमुक्ती योजनेतून ते लागलेलं. म्हणजे त्यांच्या सहीशिवाय विक्री होणार नव्हती. महिन्याच्या बैठकीत हप्ते भरून झाले आणि ताई म्हणाल्या, "सही करू का नको, तुम्ही सांगा."

आम्ही म्हटलं, तुमचा निर्णय आम्ही कसा घेणार? पण काय काय विचारायला हवं, ते मात्र आपल्याला चांगलं ठाऊक आहे. कारण मैत्रिणींनो, गाव सोडून कायमचं दुसरीकडे जाण्याचा अनुभव आपल्याइतका कुणाला आहे? आपण प्रत्येकजण एकदा गेलेलोच आहोत. तेव्हा पाणी किती लांबून आणायचंय, रात्रीअपरात्री दवाखान्यात कोण नेणार, घर कुणाच्या नावावर आहे, हे कुणी आपल्याला विचारू दिलं नाही. पाहुणे आले, पोहे झाले, तारीख ठरली. या वेळी ताईंना विचारायची संधी होती. ती का सोडायची?

मग आम्ही वहीच काढली. पहिला प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला. आपल्याला तिथं नक्की काय आवडलं? समुद्र तर आवडलाच. पण खरं सांगायचं तर पाच दिवस आयतं ताट मिळालं. चूल नाही, धुणं नाही, गोठा नाही. हे सुख बेटाचं की सुट्टीचं? खानावळ काढली तर ताईंना तिथं शंभर चपात्या लाटायच्या होत्या. यावर सगळ्या हसल्या, पण ताई हसल्या नाहीत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे पाचशेच्या आसपास. पण बेटं लहान, मोठ्या नद्या नाहीत, पडलेलं पाणी समुद्राला जातं. पोर्ट ब्लेअर शहर मुख्यतः धनीखारीच्या धरणावर अवलंबून आहे आणि कोरड्या महिन्यांत तिथंही पाणी दिवसाआड येतं. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला मोजून. टँकरच्या रांगेत आयुष्य गेलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही.

तिसरा प्रश्न आजारपणाचा. हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे. दुखणं मोठं असलं तर पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं, बोटीनं किंवा हेलिकॉप्टरनं. त्याहून मोठं असलं तर चेन्नई किंवा कोलकाता. चेन्नई समुद्रानं बाराशे किलोमीटरच्या आसपास, जहाजाला तीन दिवस लागतात. समुद्र खवळला की बोटी बंद. दाजींना मधुमेह आहे. हा मुद्दा वहीत ठळक लिहिला.

चौथा जमिनीचा. ताईंच्या मुलानं चौकशी केली. तिथला जमीन कायदा १९६६ सालचा आणि आपल्यापेक्षा वेगळा आहे. जमिनीची मूळ मालकी सरकारची, शेतकऱ्याकडे वहिवाटीचा हक्क, आणि ती दुसऱ्याला द्यायची तर प्रशासनाची परवानगी लागते. शेतीच्या जमिनीवर हॉटेल बांधायलाही परवानगी हवी. आदिवासींच्या राखीव भागात तर बाहेरच्यांना वस्तीच करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे इथलं दोन एकर विकून तिथं दोन गुंठे सहज नावावर होतील, असं नव्हतं. खानावळ भाड्याच्याच जागेत होणार होती. सरकारी जहाजाचं स्वस्त तिकीटसुद्धा तिथल्या रहिवाशांसाठी, नव्यानं गेलेल्याला ते लगेच मिळत नाही.

पाचवा प्रश्न आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सुनेनं विचारला. "आपण जानेवारीत गेलो होतो. जूनमध्ये तिथं कसं असतं?" कुणालाच सांगता येईना. पाहुण्याला आपण घरातली चांगली चादर दाखवतो, तसं प्रत्येक गाव पर्यटकाला त्याचे चांगले महिने दाखवतं. मग ठरलं, की सहीची घाई नको. आधी पावसाळा तिथं काढायचा. भाडं फक्त जाण्यायेण्याचं, राहायला मुलाची खोली होतीच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं गेले. आणि इथं आमचा अंदाज चुकला. आम्हाला वाटलं होतं, ताई रडत परत येतील आणि दाजी रमतील. दाजी तीन आठवड्यांत आले. म्हणाले, "वारी चुकवायची नाही." वारी होतीच, पण पार नाही, ओळखीचं माणूस नाही, सकाळी पाचला उजाडतं आणि दिवसभर पाऊस, हेही होतं. ज्यांनी रान विकायला काढलं होतं, तेच आधी परतले.

ताई सप्टेंबरपर्यंत राहिल्या. दर रविवारी फोन करायच्या. एकदा बोटी लागोपाठ बंद राहिल्या तेव्हा भाजीचे भाव चढले, चार दिवस डाळ-भातावर काढले. कपडे वाळेनात, पीठाला बुरशी आली, हॉटेल निम्मं रिकामं म्हणून मुलाचा पगारही निम्मा झाला. पण त्या असंही म्हणाल्या, "रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजतो ना, मला फार बरं वाटतं गं. जन्मभर वाट बघितली त्याची."

शेजारी एक बंगाली आजी होत्या. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं हॅवलॉकवर आणि जवळच्या नील बेटावर वसवलं. गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, कृष्णनगर ही तिथल्या वस्त्यांची नावं. नीलवर तर भरपूर भाजीपाला पिकतो, तो पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. या लोकांनी जंगल तोडून शेती केली. आजी मोडक्या हिंदीत ताईंना म्हणाल्या, "आमच्या आईबापाला परत जायला गावच उरलं नव्हतं, म्हणून आम्ही इथले झालो. तुझं गाव आहे. ते कशाला विकतेस?"

याच आजींनी २००४ सालच्या सुनामीबद्दलही सांगितलं. २६ डिसेंबरला भूकंप झाला, निकोबारात हाहाकार उडाला, आणि पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटला जमीनच खचून भातशेतीत खारं पाणी शिरलं. त्यातलं बरंच रान पुन्हा पिकलं नाही. रान गेलेल्या माणसाचं दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको.

ताई परत आल्या आणि बैठकीत त्यांनी स्वतःच निर्णय सांगितला. रान विकायचं नाही, ते दिरांना वाट्यानं दिलं. खानावळीसाठी कर्ज काढायचं नाही. पण नोव्हेंबर ते मार्च, हंगामाचे पाच महिने, त्या मुलाकडे जाणार. भाड्याच्या छोट्या जागेत वीस माणसांपुरतं पिठलं-भाकरी, थालीपीठ असं करून बघणार. दोन वर्षांनी हिशोब मांडून पुढचं ठरवणार. दाजी इथं राहणार, जेवणाची सोय सुनेकडं. यावर गावात कुजबूज झालीच, की म्हातारपणी बाई नवऱ्याला सोडून बेटावर चालली. दाजी पारावर म्हणाले, "मी नोकरीपायी वीस वर्षं बाहेर राहिलो, तेव्हा कुणी काही बोललं नाही." त्यानंतर कुजबूज थांबली असं नाही, पण कमी झाली.

आमच्यातल्या दोघींना अजून वाटतं, की ताईंनी जायलाच नको होतं. एकीला वाटतं, कायमचंच जायला हवं होतं. गटाचं एकमत नाही आणि त्याची गरजही नाही. ताईंचा बचतीचा हप्ता फोनवरून वेळेवर येतो, घराची किल्ली आमच्याकडे आहे.

तुमच्याही घरात असा विषय निघेल. अंदमान नसेल, कोकण असेल, गोवा असेल, पुण्या-मुंबईला लेकाकडे जायचं असेल. तेव्हा आधी त्या जागेचे वाईट महिने तिथं राहून बघा. पाणी, दवाखाना, जमिनीचे कागद आणि रिकाम्या हंगामातली कमाई, यांची उत्तरं वहीत लिहा. परत यायची वाट शाबूत ठेवा. आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, ते मात्र आजच बघा. ताईंना विचार करायला जो वेळ मिळाला, तो त्या नावामुळेच मिळाला.