चाकांवरचे घर आणि परतीचा पत्ता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही कार्यवाहांना प्रांजळपणे सांगितले की, आमचा अधिकार भट्टीसमोर उभे राहण्याचा, व्यासपीठावर उभे राहण्याचा नव्हे. त्यावर ते म्हणाले, "मग अमेरिकेत काय पाहिलेत ते सांगा." अमेरिकेत आवर्जून पाहावे असे जे मानले जाते, त्यांतले आम्ही फार थोडे पाहिले. मात्र लेकीकडे गेलो असता ॲरिझोनाच्या वाळवंटात आठ दिवस चाकांवरच्या घरात राहिलो. त्या आठ दिवसांनी एक प्रश्न आमच्या पदरी घातला. तो आपणा सर्वांचाच आहे, म्हणून येथे मांडण्याचे धाडस करतो.

या पोलादी वसाहतीत आपण कंपनीच्या क्वार्टरमध्ये संसार थाटले. अंगणात तुळस लावली, मागे आंबा लावला, लेकरांच्या मुंजी-लग्ने केली. आणि निवृत्तीनंतर ठरल्या मुदतीत किल्ली कचेरीत जमा केली. आमच्या आंब्याला त्या वर्षी प्रथमच भरघोस मोहोर आला होता. तेव्हापासून आम्ही उभयता वर्षाची वाटणी करून राहतो. पावसाळ्यात नाशिकला धाकट्या बंधूंकडे, उन्हाळ्यात पुण्याला मुलाकडे आणि हिवाळ्यात मंडळाच्या कृपेने येथे. कोणी "आपण कुठले?" असे विचारले की आमची सौभाग्यवती म्हणते, "महिना कोणता ते आधी सांगा." लोक हसतात. आम्हीही हसतो, पण त्या हसण्याखाली थोडा सल असतो. हा सल घेऊनच आम्ही वाळवंटात गेलो होतो.

अमेरिकेत ज्याला 'आर.व्ही.' म्हणतात, ते म्हणजे फिरते घर. काही घरांना स्वतःचे इंजिन असते, काही मोटारीमागे ओढली जातात, तर काहींचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यात बसवलेला असतो. आत ओटा, पलंग, न्हाणीघर, शीतकपाट सारे असते. मुक्कामाला पोचल्यावर कळ दाबली की काहींची भिंतच बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. हा प्रघात कालपरवाचा नाही. १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे मोटारीतून फिरणाऱ्या कुटुंबांनी 'टिन कॅन टुरिस्ट्स' या नावाची संघटना स्थापन केली होती. पुढे १९३५ च्या कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतनाचा आधार मिळाला, १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणण्यास आरंभ झाला, आणि आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ पासून अशी घरे कारखान्यात जुळवून सामान्यांच्या आवाक्यात आणली. हाती पेन्शन, पुढे रस्ता आणि पायाखाली घर असा योग जुळला. मग उत्तरेतील हिमवर्षाव कशासाठी सोसावा? पक्ष्यांप्रमाणे थंडीत दक्षिणेकडे उतरावे आणि वसंतात परतावे, असा क्रम अनेक वृद्धांनी धरला. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. आपण हिमपाखरे म्हणू.

या हिमपाखरांचे एक मोठे उतरण्याचे ठिकाण म्हणजे क्वार्ट्झसाइट. फीनिक्सहून पश्चिमेस सुमारे दोनशे किलोमीटरवर हे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची वस्ती जेमतेम अडीच हजार भरली. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि गाव ओस दिसते. हिवाळ्यात मात्र दृष्टी पोचेल तेथवर पांढरी घरे उभी राहतात, आणि जानेवारीत रत्नांचा, खनिजांचा व जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. गावाला लागून सरकारी भूव्यवस्थापन विभागाचे ला पोसा नावाचे माळरान आहे. विस्तार सुमारे अकरा हजार एकर. १९८३ पासून या विभागाने अशा काही माळांवर दीर्घ मुक्कामाची सोय केली आहे. माफक शुल्क भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत राहता येते. आम्ही चौदा दिवसांपर्यंतचा अल्पमुदतीचा परवाना घेऊन, जावयांनी भाड्याने आणलेल्या घरातून तेथे गेलो.

गावाच्या स्मशानभूमीत दगडांचा एक लहानसा पिरॅमिड आहे आणि त्यावर तांब्याचा उंट. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणवले, त्यांच्यासमवेत तुर्की साम्राज्यातून हाजी अली नावाचा उंटवाला आला. स्थानिकांच्या जिभेला ते नाव पेलेना, म्हणून त्याचे 'हाय जॉली' झाले. उंटांचा प्रयोग फसला, परंतु माणूस तेथेच राहिला आणि १९०२ साली तेथेच निवर्तला. आपल्या आडनावांची येथे जी मोडतोड झाली ती आठवून आम्ही त्या परक्या बांधवाला मनोमन नमस्कार केला.

आता त्या संसाराची रीत सांगतो. माळावर नळ नाही, विजेची तार नाही, गटार नाही. छपरावरील सौरपट्ट्या दिवसा बॅटरी भरतात, तेवढ्यावर रात्र काढायची. घराच्या पोटात तीन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी शौचाची. शेवटच्या दोन भरल्या की ठरावीक जागी नेऊनच रिकाम्या करायच्या. मातीत थेंब सांडणे हा गुन्हा. आमच्या सौभाग्यवतीने पहिले दोन दिवस घरच्याप्रमाणे तांदूळ तीन पाण्यांनी धुतले आणि भांडी वाहत्या धारेखाली विसळली. तिसऱ्या सकाळी स्वच्छ टाकी कोरडी व सांडपाण्याची तुडुंब! आम्ही हवालदिल होऊन बाहेर उभे असताना शेजारच्या घरातील वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. त्यांनी आपल्या पिंपातून आम्हांस पाणी दिले आणि भांडी आधी कागदाने पुसून मग वाटीभर पाण्यात कशी धुवावीत, हे त्यांच्या पत्नीने दाखवले. संध्याकाळी आम्ही पोळी-भाजी घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि स्नेह जुळला.

हे दांपत्य मिनेसोटाचे. ते शाळेची बस चालवीत, त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी राहते घर विकले. उन्हाळ्यात उत्तरेकडील एखाद्या वनातील तळावर यजमानाचे काम करायचे, म्हणजे आल्यागेल्याची व्यवस्था पाहायची आणि त्या बदल्यात स्वतःच्या घरासाठी फुकट जागा मिळवायची. हिवाळ्यात या माळावर यायचे. पलीकडे कॅनडातील अल्बर्टा प्रांताचे जोडपे होते. त्यांच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली आणि रोज एक दिवस खोडलेला. त्यांच्या प्रांतात बारा महिन्यांतून १८३ दिवस उपस्थिती भरली तरच सरकारी आरोग्यविमा टिकतो. त्यामुळे परतीचा दिवस ऋतूइतकाच हिशेबाने ठरलेला. पाखरालाही पंचांग चुकत नाही, हे पाहून आम्हांस गंमत वाटली.

परंतु सारीच पाखरे हौसेने उडत नाहीत. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर ज्यांची घरे गेली किंवा तुटपुंज्या पेन्शनीत ज्यांना भाडे परवडेना, अशी अनेक माणसे गाडीतच राहू लागली. जेसिका ब्रूडर यांनी त्यांच्यावर २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. क्लोई झाओ यांनी त्यावरून काढलेल्या चित्रपटास २०२१ साली उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. यांतले कोणी ऑक्टोबरमध्ये मिनेसोटा व नॉर्थ डकोटाच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात बीटच्या हंगामाला जातात. ते बीट साखरेचे. हे ऐकताच आम्हांस दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या आठवल्या; नवरा-बायकोच्या जोडीला जेथे 'कोयता' म्हणतात आणि संसार कोपीत मांडला जातो. पृथ्वीच्या दोन टोकांना, साधारण एकाच ऋतूत, साखरेसाठी घर पाठीवर घेऊन निघालेली ही माणसे! एकाच्या कोपीला पाचटाचे छप्पर, दुसऱ्याच्या गाडीला पत्र्याचे. चिंता मात्र सारखीच. हौसेची भटकंती आणि गरजेची भटकंती यांना एकाच मापाने मोजू नये, एवढे भान ठेवूनच पुढचे ऐकावे.

आपल्याकडे ऋतूबरोबर चालणे नवे नाही. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात मेंढरे नेणारे आणि पावसाळ्याआधी पठारावर परतणारे धनगर आपण जाणतो. त्यांच्या भाषेत बरोबर चालणाऱ्या कुटुंबांच्या तळाला 'वाडा' म्हणतात. आपला वाडा म्हणजे चिरेबंदी जोते, दिंडी दरवाजा आणि चौक. त्यांचा वाडा रोज पहाटे उठून चालू लागतो. शब्द एकच. धनगराने वाडा भिंतींवरून ओळखला नाही, सोबतीवरून ओळखला. ला पोसाच्या माळावर आम्हांस या शब्दाचा अर्थ प्रथमच उमगला. तेथे दर सकाळी प्रत्येकाने पुढच्या खिडकीचा पडदा सारायचा असा आमच्या रांगेचा संकेत होता. नऊ वाजेपर्यंत कोणाचा पडदा न सरल्यास शेजाऱ्याने दार ठोठवायचे. ना ठराव, ना वर्गणी. तरी हा नियम कोणी चुकवीत नसे.

सहाव्या संध्याकाळी शेकोटीपाशी त्या मिनेसोटाच्या गृहस्थांनी सांगितले की, हा त्यांचा शेवटचा हंगाम. डोळ्यांत पडदा येत होता; डॉक्टरांनी गाडी चालवण्यास मनाई केली होती. पत्नीने इतके मोठे धूड कधी हाकले नव्हते. आम्ही विचारले, "मग आता?" ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. बाईंनीच उत्तर दिले. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन गावी 'एस्केपीज' नावाची फिरत्यांची संस्था आहे. जो आणि के पीटरसन या दांपत्याने ती १९७८ साली सुरू केली. ही संस्था सभासदांना आपला पत्ता देते. त्यांचे टपाल तेथे येते आणि ते जेथे असतील तेथे पुढे रवाना होते. ज्यांना वयाने वा आजाराने प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी तिने एक केंद्र चालवले आहे. तेथे आपले फिरते घर उभे करायचे, त्यातच राहायचे. जेवणखाण आणि देखभाल केंद्राची. "तेथे आमची चाके थांबतील," बाई म्हणाल्या, "पण घर बदलणार नाही. आणि सभोवती जे असतील त्यांना, आम्ही इतकी वर्षे का फिरलो, हे समजावून सांगावे लागणार नाही."

हे शेवटचे वाक्य आम्ही बरोबर घेऊन आलो. बंधुभगिनींनो, या वसाहतीतून किल्ली देऊन गेलेले आपले सभासद आज पुण्यात, नागपुरात, बंगळूरात, परदेशात मुलांच्या घरी आहेत. मुले प्रेमळ आहेत, याविषयी तक्रार नाही. परंतु रात्रपाळीचा भोंगा, भट्टीचा तांबडा उजेड, पहिल्या गणेशोत्सवाला मूर्ती मिळेना म्हणून आपणच केलेला मातीचा गणपती हे तेथे कोणाला समजावून सांगावे? आणि महाराष्ट्रात गेलो की आमच्या मराठीत हिंदी शिरले म्हणून हसतात! आमचे गाव नकाशावर नाही. ते आपणा दोनतीनशे माणसांच्या आठवणींत आहे. मंडळ म्हणजे आमचा धनगरी वाडा आहे.

पन्नास वर्षांपूर्वी संस्थापकांनी ही वास्तू उभी केली ती उत्सव, नाटके आणि ग्रंथालय यांसाठी. ते कार्य चालूच राहावे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, ग्रंथालयातील एक कपाट सभासदांच्या टपालासाठी राखावे. आजही कित्येकांची पत्रे 'द्वारा मंडळ' अशी येतात आणि खिडकीत धूळ खातात. दुसरी, मागच्या बाजूच्या दोन खोल्या दुरुस्त करून हिवाळ्यात परतणाऱ्या वृद्धांसाठी ठेवाव्यात. नाममात्र भाडे घ्यावे, पण घ्यावे, म्हणजे येणाऱ्यास संकोच वाटणार नाही. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. वसाहतीत आणि आसपास एकट्या राहणाऱ्या सभासदांची यादी करून दर सकाळी कोणी तरी दूरध्वनीवर दोन शब्द बोलावे. पडदा सरला की नाही, एवढेच पाहायचे आहे.

गेल्या महिन्यात लिव्हिंग्स्टनचा शिक्का असलेले पाकीट आम्हांस मिळाले. निरोप घेताना आम्ही त्या दांपत्याला कोणता पत्ता द्यावा, या विचारात पडलो होतो. नाशिकचा द्यावा तर वर्षातले चारच महिने तेथे, पुण्याचा द्यावा तर तीनच. शेवटी मंडळाचा दिला. पत्रात बाई लिहितात की, यजमानांना आता उजेड तेवढा कळतो. तरी ते रोज सकाळी चाचपडत उठून स्वतःच पडदा सारतात. ते पत्र कार्यवाहांनी अकरा दिवस आपल्या खणात जपून ठेवले आणि आम्ही स्टेशनावर उतरताच हाती दिले. त्या दिवसापासून "आपण कुठले?" या प्रश्नाला सौभाग्यवती महिना विचारीत नाही, हाच पत्ता सांगते.

मंडळाची शताब्दी पाहण्याइतके आयुष्य आमच्या हाती नाही. पण तेव्हाही कोणी दुरून येऊन या दारात पेटी ठेवील आणि आत कोणी तरी त्याचे नाव अचूक उच्चारील, अशी व्यवस्था आजच लावून ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.