लेबल आपलं, फाइलही आपली



श्रावण लागला की सणांची रांग सुरू होते आणि आपल्या बचत गटांत ऑर्डरींची गडबड. गणपतीत मोदकाचं पीठ, नवरात्रात उपवासाची भाजणी, दिवाळीत फराळ. उन्हाळ्यात केलेले पापड, कुरडया, सांडगे डब्यांत भरलेले असतातच. आपल्या मालात काही कमी नसतं. अडतं ते पाकिटावर काय चिकटवायचं इथे. ओळखीच्या घरात साधी पिशवीसुद्धा खपते, कारण तिथे आपला चेहरा म्हणजेच आपलं नाव. पण महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात किंवा तालुक्याच्या दुकानात आपण गिऱ्हाइकाच्या घरी सोबत जात नाही, पाकीट जातं. महिन्याभराने तिला पुन्हा तीच चटणी हवी असेल, तर तिने नाव कुठे वाचायचं?

म्हणून आज बोलूया लेबल, चिन्ह आणि व्हिजिटिंग कार्ड घरच्या घरी तयार करायच्या फुकट सॉफ्टवेअरबद्दल. अशी सॉफ्टवेअर बरीच आहेत. त्यातलं आपल्या कामाचं कोणतं, ते कसं ओळखायचं, आणि फुकट म्हणजे नक्की काय फुकट, एवढंच आज पाहू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, काही आकडे लिहून ठेवण्यासारखे आहेत.

पहिलं काम मात्र फोनवर नाही, कागदावर करायचं. गटाचं नाव काय, रंग कोणते, पाकीट केवढं, हे ठरल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडलं तर तासभर नुसती चित्रं बघण्यात जातो. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जत हे नाव त्यानंतर, 1962 साली आलं. आधी माल, मग नाव आणि मग चिन्ह, हा क्रम त्यांचाही होता.

नाव निवडताना ते फक्त मालाचं वर्णन नसावं. ‘घरगुती मसाले’ किंवा ‘चविष्ट चटणी’ हे शब्द कोणीही वापरू शकतं, त्यामुळे अशा नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करणं अवघड जातं. दुसऱ्या कोणी तेच नाव आधी घेतलंय का, हे ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं. मसाले वर्ग 30 मध्ये येतात, त्या वर्गात शोधा. पुढे नोंदणी करायची झाली, तर व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे आणि ती नोंदणी 10 वर्षं टिकते. आज लगेच करा असं मी म्हणत नाही. पण हा मुद्दा लक्षात असू द्या, सॉफ्टवेअर निवडताना तो पुन्हा येणार आहे.

आता सॉफ्टवेअर. आपल्यापैकी बहुतेकींच्या हातात फक्त मोबाइल आहे. त्यांनी कॅनव्हापासून सुरुवात करावी. हे ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचं आहे, 2013 पासून चालू आहे, फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे चालतं. इंटरनेट लागतं. यात तयार नमुने असतात. नमुना उचलायचा, शब्द बदलायचे, रंग बदलायचे, आपला फोटो घालायचा, की झालं. शिकायला एक दुपार पुरते.

कॅनव्हा वापरताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, मुकुटाचं चिन्ह. ज्या चित्रावर किंवा नमुन्यावर छोटा मुकुट दिसतो, ते पैसे भरणाऱ्यांसाठी असतं. ते घेतलंत तर शेवटी पैसे मागतं, नाहीतर चित्रावर आडव्यातिडव्या रेघांची खूण राहते. म्हणून मुकुटवालं काही उचलायचंच नाही. दुसरी गोष्ट, माप. काम झाल्यावर त्याच डिझाइनचं माप एका बटणाने बदलण्याची सोय पैशाच्या आवृत्तीत आहे. तेव्हा सुरुवातीलाच फूटपट्टीने पाकीट मोजा आणि मिलिमीटरमध्ये माप टाकूनच नवं डिझाइन उघडा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कॅनव्हातले नमुने आणि चित्रं तुमच्यासारख्याच हजारो जणींसाठी खुली आहेत. त्यातलं मिरचीचं चित्र घेऊन चिन्ह बनवलंत, तर शेजारच्या तालुक्यातल्या गटाच्या पाकिटावर तीच मिरची दिसू शकते, आणि तक्रार करायला जागा नाही. ते तयार चित्र घालून केलेल्या चिन्हाची ट्रेडमार्क नोंदणी कॅनव्हाच्या अटींनुसार करता येत नाही. सणाच्या शुभेच्छा, व्हॉट्सॲपवर टाकायची दरांची यादी, प्रदर्शनाचं आमंत्रण यासाठी तयार चित्रं खुशाल वापरा. गटाचं कायमचं चिन्ह मात्र त्यातून करू नका.

मग चिन्ह कशात करायचं? घरात, ग्रामपंचायतीत किंवा मुलांच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर मिळत असेल तर इंकस्केपमध्ये. हे 2003 सालापासून आहे आणि पूर्ण मोफत आहे. यात मुकुट नाही, जाहिरात नाही, खातं उघडायला लागत नाही. एकदा कॉम्प्युटरवर घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. जगभरातले लोक मिळून ते तयार करतात आणि सगळ्यांना वापरायला देतात. फोनवर मात्र ते चालत नाही, आणि हात बसायला कॅनव्हापेक्षा जास्त दिवस लागतात.

तरी ते का शिकायचं, ते सांगते. क्रॉस-स्टिचचं भरतकाम आठवा. लांबून फूल छान दिसतं, जवळ गेलं की चौकोन दिसतात. फोटो असाच असतो, बारीक चौकोनांचा. लहान आहे तोवर बरा, बॅनरवर मोठा केला की फाटल्यासारखा दिसतो. इंकस्केपमधलं चित्र ब्लाउजच्या कटिंगसारखं असतं. त्यात रेषा कुठून कुठे जाते हा हिशोब असतो. माप 32 घ्या की 42, रेषा स्वच्छच येते. म्हणजे तेच चिन्ह 50 ग्रॅमच्या पाकिटावर आणि स्टॉलच्या 10 फुटी बॅनरवर सारखंच ठसठशीत दिसतं. शिवाय ते तुम्ही स्वतः काढलेलं असतं. उखळ, जातं, पाटा-वरवंटा, दारातली रांगोळी, असं काहीही चार-पाच रेषांत काढा. कागदावर काढलेल्या चित्राचा फोटो घेऊन इंकस्केपमध्ये त्यावरून रेषा गिरवता येतात.

आणखी दोन नावं थोडक्यात. मालाचा फोटो स्वच्छ करायचा, मागचं टेबल पुसून टाकायचं, उजेड वाढवायचा, यासाठी कॉम्प्युटरवर गिंप आहे, तेही पूर्ण मोफत. आणि कॉम्प्युटरवर काहीच बसवता येत नसेल, उदाहरणार्थ तो दुसऱ्याचा असेल, तर फोटोपिया इंटरनेटच्या पानावरच उघडतं. त्यात बाजूला जाहिराती दिसतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं.

आता अक्षरांबद्दल. सगळ्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. बलू आणि मुक्ता हे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले फॉन्ट आहेत. बलू गुबगुबीत, पाकिटावरच्या नावाला शोभतो. मुक्ता सरळ, बारीक मजकुराला चांगला. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन नावाचाही फॉन्ट आहे. हे तिन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. कोणताही फॉन्ट निवडण्याआधी त्यात चार शब्द लिहून पाहा: लोणचं, शेंगदाणा, कुरडई, दुसऱ्या. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, ‘ऱ्या’ तुटतो. आपल्या पाकिटावर आपल्या वळणाचं अक्षर असावं.

आणि छापायला देताना एक काळजी. गावच्या डीटीपीवाल्याकडे बऱ्याचदा जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात. आपण फोनवर लिहिलेलं मराठी त्याच्याकडे गेलं की वेलांट्या इकडेतिकडे होतात, जोडाक्षरं फुटतात. म्हणून त्याला नेहमी पीडीएफ द्या. इंकस्केपमध्ये पीडीएफ करताना अक्षरांचं रेषांत रूपांतर करण्याचा पर्याय येतो, तो निवडा. मग अक्षर बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि ही फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते दाबून लहान केलं जातं आणि छपाई धूसर येते.

लेबलवर काय लिहायचं, हे आपल्या आवडीवर नाही, कायद्यावर आहे. लिहून घ्या. पदार्थाचं नाव. घटक, आणि तेही वजनाने जास्त असलेला आधी, या क्रमाने. निव्वळ वजन. तयार केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरावं ती तारीख. बॅच नंबर. सर्व करांसह कमाल किंमत. गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता. तक्रारीसाठी फोन. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं चिन्ह आणि आपला 14 अंकी नोंदणी क्रमांक. आणि शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनात हिरवा भरीव गोल. पाकिटाची दर्शनी बाजू 100 चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल, तर तो गोल निदान 3 मिलिमीटरचा आणि चौकोनाची बाजू 6 मिलिमीटरची हवी. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असणं बंधनकारक आहे. मराठी त्यासोबत लिहिता येतं, पण नुसतं मराठी पुरत नाही. पोषणमूल्यांचा तक्ता कोणत्या मालाला लागतो आणि कोणत्याला सूट आहे, हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्या. हे सगळं आधी मागच्या बाजूवर बसवा, मग पुढची बाजू सजवा. उलट केलं की तारखेला जागाच उरत नाही.

छपाईचे दोन नियम. कडेचा रंग लेबलच्या मापाबाहेर चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जाऊ द्या, म्हणजे कापताना पांढरी कड राहत नाही. आणि फोनच्या पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा निळा कागदावर तसा येत नाही, थोडा मंद येतो. म्हणून हजार स्टिकर सांगण्याआधी एकच छापून घ्या, माल भरलेल्या पाकिटावर चिकटवा, चार पावलं मागे जा आणि नाव वाचता येतंय का ते पाहा. आजींना चष्म्याशिवाय वाचता आलं, तर समजा जमलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. अनेक गटांचं लेबल कोणीतरी करून दिलेलं असतं. कोणाचा भाचा, कोणी ओळखीचा डिझायनर. ते त्याच्या खात्यात, त्याच्या फोनमध्ये राहतं. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला, किंवा त्याचा फोन बिघडला, की आपल्याकडे उरतात फक्त छापलेले स्टिकर. किंमत बदलायची म्हटलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बँकेचं पासबुक आपण दुसऱ्याच्या कपाटात ठेवतो का? मग गटाचं चिन्ह का ठेवायचं?

म्हणून गटाच्या नावाने एक ईमेल उघडा. कॅनव्हाचं खातं त्याच ईमेलवर काढा. तो ईमेल आणि पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या. पैसे देऊन काम करून घेतलंत, तरी पैसे चुकते करण्याआधी तीन फाइली मागा: बदल करता येईल अशी मूळ फाइल, छपाईची पीडीएफ, आणि व्हॉट्सॲपला लावता येईल असं चित्र. तिन्ही फाइली गटाच्या ईमेलवर पाठवायला सांगा आणि एका पेनड्राइव्हमध्येही ठेवा. गटाच्या ठरावाच्या वहीत एक ओळ लिहा, की हे चिन्ह गटाचं आहे. हे संशय म्हणून करायचं नाही. व्यवहाराची ती रीतच आहे.

तर पुन्हा एकदा. फक्त फोन असेल तर कॅनव्हा, मुकुट टाळून. कॉम्प्युटर मिळत असेल तर कायमचं चिन्ह इंकस्केपमध्ये, स्वतःच्या हाताने काढलेलं. फोटोसाठी गिंप, नाहीतर फोटोपिया. आणि काहीही वापरलं तरी फाइल गटाच्या नावावर. पहिलं लेबल साधं असलं तरी चालेल. पापडही पहिल्या दिवशी गोल लाटला जात नाही. या आठवड्यात एकच करा: फूटपट्टी घ्या, आपलं पाकीट मोजा आणि त्या मापाचा कागद कापून त्यावर गटाचं नाव लिहून बघा.