शेतातून नेमके काय जाते?

नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात दिवाळीच्या आगेमागे प्रथम सोयाबीन येते, मग कापूस. दोन्ही एकाच काळ्या मातीतले, बहुधा एकाच धुऱ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे. शेतकरी दोहोंचा हिशेब रुपयांत करतो आणि संसार चालवायचा तर तो तसाच करावा लागतो. परंतु त्याच मालाचा आणखी एक हिशेब आहे. तो कोणत्याही पावतीवर उमटत नाही. मात्र पंधरा-वीस वर्षांनी जमिनीच्या कसावर उमटतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

वनस्पतीचे शरीर कशाचे बनते? ती माती खाऊन वाढते, ही सर्वसाधारण समजूत. बेल्जियममधील व्हान हेलमाँट या वैद्याने सुमारे ९० किलो कोरडी माती कुंडीत भरून तीत विलोचे सव्वादोन किलोचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे ७६ किलो झाले; माती मात्र ५०-६० ग्रॅमच घटली. १६४८मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हा प्रयोग प्रसिद्ध झाला. झाड पाण्यातून घडले, असा त्याने निष्कर्ष काढला. तो अर्धाच खरा होता. झाडाचा मोठा भाग हवेतील कर्बवायूतून येतो, आणि त्या वायूला व पाण्याला एकत्र बांधण्याचे सामर्थ्य सूर्यप्रकाशाचे. आणि ते ५०-६० ग्रॅम? हेलमाँटने त्यांना किरकोळ मानले. पण मातीचा सारा वाटा त्या चिमूटभरातच होता.

आता वऱ्हाडातील कापूस पाहावा. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू यांखेरीज तीत फारसे काही नाही. दहा क्विंटल कापसातून साधारण साडेतीन क्विंटल रुई निघते आणि तिच्यात नत्र किलोभरही नसते. रुई विकणारा शेतकरी हवा, पाणी आणि ऊन विकतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मातीचे धन सरकीत असते. त्यातही सरकीचे तेल पुन्हा हवा-पाण्याचेच. नत्र, स्फुरद आणि पालाश ढेपेत उरतात. ढेप गाईने खाल्ली, तिचे शेण-मूत्र उकिरड्यावर आणि तेथून शेतात गेले, तर जमिनीने दिलेले बहुतांश तिला परत मिळते. जिनिंग, तेलघाणी, गोठा आणि शेत एकाच पंचक्रोशीत होते, तोवर हे चक्र कोणी न शिकविता फिरत होते.

सोयाबीनचे तसे नाही. दाण्यात शेकडा ४०च्या आसपास प्रथिने असतात. दहा क्विंटल सोयाबीनबरोबर सुमारे ६० किलो नत्र, मूलद्रव्य म्हणून मोजले तर पाच-सहा किलो स्फुरद आणि पंधरा-अठरा किलो पालाश शेताबाहेर जाते. मुळांच्या गाठींतील जिवाणू नत्राचा मोठा भाग हवेतून मिळवून देतात. स्फुरद आणि पालाश यांना मात्र हवेचा मार्ग नाही. ते मातीतूनच जातात. तेल काढल्यावर उरलेली पेंड देशातील कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही जहाजाने परदेशीही जाते. तिच्याबरोबर वऱ्हाडच्या मातीचा अंश जातो. मग डीएपीसाठी मोरोक्को आणि जॉर्डन यांच्याकडून स्फुरदाचा दगड आणावा लागतो. पालाश तर जवळजवळ संपूर्णच आयात होतो. आपल्याच मातीतून गेलेले द्रव्य परकीय चलन मोजून परत आणायचे, असा हा व्यवहार आहे. सोयाबीन लावूच नये, असा याचा अर्थ नव्हे. त्याने हाती लवकर पैसा दिला, रब्बीच्या हरभऱ्याला शेत मोकळे करून दिले. परंतु ज्वारी हटली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातील जनावर गेले. आणि परतीची वाट जनावरातूनच जात होती.

येथे ऊर्जा आणि द्रव्य यांतील भेद ध्यानात घ्यावा. शेतावर पडणाऱ्या उन्हापैकी शेकडा एकाच्या आसपासच पिकात बांधले जाते. बैलाने कुटार खाल्ले की त्यातील बरीच ऊर्जा त्याच्या श्रमात आणि अंगाच्या उष्णतेत खर्ची पडते. ती पुन्हा मिळत नाही. त्यासाठी दररोज नवा सूर्य उगवावा लागतो. द्रव्याचा नवा पुरवठा मात्र आकाशातून होत नाही. तेच स्फुरद पुनःपुन्हा वापरावे लागते.

हे जाणून त्यावर पद्धतशीर काम झाले ते इंदूरला. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४पासून अल्बर्ट हॉवर्ड होते. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१मध्ये शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले; वाडांचे नाव महाराष्ट्रातही फारसे घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट. त्यांच्यापुढचा प्रश्न वऱ्हाडी शेतकऱ्याच्या ओळखीचाच होता: पऱ्हाटी. ती लवकर कुजत नाही. त्यांनी ती शेतरस्त्यावर अंथरली. बंड्यांच्या चाकांखाली चिरडून ती मऊ झाली. मग ती गुरांखाली पसरली, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांच्याशी थर दिले, ढीग वेळोवेळी उलथला. तीन महिन्यांत खत तयार झाले.

आज पऱ्हाटी बांधावर पेटविली जाते. त्याला कारणही आहे. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात हाहाकार केला, आणि ही अळी उभ्या पऱ्हाटीवरच्या उरलेल्या बोंडांत दडून राहते. म्हणून पऱ्हाटी वेळेत काढून नष्ट करावी, हा सल्ला रास्तच आहे. परंतु जाळल्याने नत्र धुरात जाते. स्फुरद-पालाश राखेत उरतात, आणि ती राखही बांधावरून वाऱ्याने उडते. यंत्राने बारीक केलेली पऱ्हाटी शेणाबरोबर नीट रचली, तर ढिगाचा गाभा ६० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो. त्या उष्णतेत अळी जगत नाही. मात्र कडेचा थर थंड राहतो, म्हणून उलथताना तो आत घालावा लागतो. ढिगात हात घातल्यावर चटका बसतो तो गेल्या खरिपाच्या उन्हाचा; ऊन निघून जाते, आणि स्फुरद ढिगातच राहते.